स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय

— गेली बघ ती बाई उठून. मी एवढंच म्हटलं तिला, की बाई, पर्स जरा पलीकडच्या काखेत धरा, या बाजूला आरोपी बसलाय. खोटं बोललो? आहेसच तू आरोपी. आत पुकारा होईल तेव्हा तोच शब्द येणार तुझ्या वाट्याला. आणि मी फिर्यादी. कसं भारदस्त वाटतं ऐकायला — फिर्यादी. शाळेत मास्तर मला गाढव म्हणायचे, चौथीपर्यंत म्हणून म्हणून दमले आणि घरी पाठवलं — आणि आता काळ्या कोटातली शिकलीसवरली माणसं 'फिर्यादी इकडे या, फिर्यादी तिकडे बसा' करत माझ्या मागे फिरतात. हात गेला पण हुद्दा मिळाला. आणि तू कुठे सरकतोस? बाक रिकामा झाला म्हणून लगेच त्या टोकाला? बस इथेच. सख्खा मेव्हणा तू माझा, बायकोचा धाकटा भाऊ — जरा मांडीला मांडी लावून बसलास तर तुझा वकील काय फाडून खाईल?

खाईल म्हणा तो, पोट आहे तेवढं. बघ कसा उभाय पाण्याच्या नळापाशी, एक डोळा पेल्यात आणि एक तुझ्यावर. काय बजावलंय त्यानं तुला, मला सगळं माहीत आहे, एवढ्या हळू आवाजात बोलला की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं — फिर्यादी काहीही बोलू दे, कितीही डिवचू दे, तू तोंड उघडायचं नाहीस, साहेबांचा हुकूम होईपर्यंत एक अक्षर नाही, एक शब्द वाकडा गेला तर तडजोड बोंबलली. वा रे वकील. तुला गप्प बसायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहण्याची शिकवणी लावायची. आणि मला कोणी बोलू नका म्हटलेलं नाही. म्हणजे म्हटलंय, माझ्या वकीलबाईंनी म्हटलंय, पण त्या आता बाहेर फोनवर आहेत — आणि मी बहिरा आहे एका कानानं. कुठल्या, ते अजून ठरवलं नाही.

मला वाटलं होतं, फार सोपं असेल हे. चौकीवर जायचं, सांगायचं, जाऊ द्या हो, घरातलं भांडण होतं, मिटलं. तर तो चौकीवरचा मिशीवाला हसला. म्हणाला, आजोबा, ही काय दुधाची पिशवी आहे, नासकी निघाली म्हणून परत आणायला? गुन्हा एकदा नोंदला की तुमचा राहत नाही, सरकारचा होतो. मोठी दुखापत आहे, मुद्दाम केलेली आहे, तुम्हीच तसं सांगितलंय — आता वरच्या कोर्टात जा, दोघं मिळून जा, साहेबांना पटलं तर ते रद्द करतील. बघ म्हणजे. भांडायला मी एकटा पुरलो, आणि मिटवायला दोघं जण, दोन वकील, एक साहेब, एक पट्टेवाला आणि हा एवढा मोठा दगडी जिना. लग्नाचं याच्या नेमकं उलटं असतं, नाही? जमवायला गाव लागतं आणि मोडायला एकटी सासू पुरते.

वकीलबाईंनी मला पढवून ठेवलंय. पोरगीच आहे ती, पण दम देते आजीसारखा. साहेब विचारतील, तडजोड मान्य आहे का — मी म्हणायचं, हो. विचारतील, कोणी धाक घातला का — मी म्हणायचं, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. विचारतील, मग फिर्याद का दिली होती — मी म्हणायचं, गैरसमजातून. किती गुळगुळीत शब्द आहे, हातातून साबणासारखा सुटतो. मी म्हटलं तिला, बाई, बाकी सगळं म्हणतो पण दबाव नाही असं कसं म्हणू? साहेबांना एक दिवस माझ्या घरी जेवायला पाठवा, दबाव काय असतो ते कळेल. तुझी बहीण ती. तीन माणसांच्या घरात दोघांशीच बोलते, त्यातली एक ती स्वतः. दुसरी मांजर. मला म्हणाली, माझ्या भावाला आत घालायचं तर घाला, मग आपल्या हाताने करून आपल्या हाताने खा. आणि हात कुठाय? हा बघ. बघ ना, तोंड काय फिरवतोस, तुझीच कामगिरी आहे. अंगठा शाबूत, तर्जनी शाबूत, मधली कशीबशी. ही दोन पेन्शनीत निघाली. आतल्या शिरा तुटल्या, डॉक्टरने जोडल्या, पण जोडलेली शीर आणि जोडलेली सोयरीक — दिसायला ठीक, ओढ बसली की संपलं. घास उचलतो तर अर्धा तोंडात आणि अर्धा शर्टावर. तुझी बहीण नुसती बघते. पूर्वी निदान हसायची.

तर मला असं विचारायचंय तुला — उत्तर देऊ नकोस, नुसतं ऐक — मी आत जाऊन 'नाही' म्हणालो तर? म्हणायला किती वेळ लागतो? तुला लागेल, मला नाही लागत. नाही. हे बघ, निघालंसुद्धा. साहेब, मला ही तडजोड मान्य नाही. झालं. मग खटला चालणार, तू पिंजऱ्यात, आत जायची पाळी आली तर आत. आणि तुझी पोरगी? मुलाकडून काय निरोप आलाय, मला ठाऊक नाही असं समजू नकोस — आधी वडिलांचं निस्तरा, मग पुढचं बोलू. आज इथे निस्तरलं नाही तर लग्न मोडलं. हा एवढासा शब्द आहे माझ्या जिभेवर, आणि त्याला तुझी लेक टांगलीय. काय? कुठे काय म्हणतोस, म्हणत नाहीसच काही, डोळ्यांनी म्हणतोस. माझीही भाची आहे, एवढंच ना? आहे. खांद्यावर बसवून फिरवलीय मी तिला, माझे कान धरून घोडा हाकायची. पण हात माझा गेला, तिचा नाही. घोड्याला पण लाथ मारायचा हक्क असतो.

आणि साहेबांना काय कळणार रे काचेचं काम? त्यांना वाटत असेल, दोन म्हातारे काच घेऊन चालले होते, एक पडला, त्यात काय मुद्दाम नि काय चुकून. त्यांना समजावून सांगायला हवं. मी उभा राहणार आणि सांगणार — साहेब, मोठी काच कधी आडवी नेत नाहीत, आपल्याच वजनानं मोडते. उभी न्यायची. दोघांनी. एक काचेच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. एक सुलटा चालतो, एक उलटा. उलटा मी. माझी पाठ रस्त्याकडे आणि तोंड याच्या थोबाडाकडे, जन्मभर. आणि साहेब, उलट्यानं मागं वळून बघायचं नसतं. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काच पिळते, आणि काच पिळली की मग झाडू आणायचा. म्हणून सुलटा असतो तो उलट्याचे डोळे. तो सांगतो — खड्डा. खांब. वाक. पायरी. एवढंच, एकेक शब्द, आणि वेळेवर. या माणसाच्या तोंडावर भरवसा ठेवून मी अख्खं शहर उलटं चाललोय, साहेब. बायकोवर एवढा भरवसा ठेवला नाही. तिलाही ते माहीत आहे.

आणि गंमत म्हणजे हा माणूस तोतरा. साहेब, एरवी याला कोणी नाव विचारलं तर विचारणारा सांगून टाकतो. दुकानदार म्हणतो चहा घेणार का, आणि याचं 'हो' बाहेर पडेपर्यंत चहा निवतो, म्हणून मी दोन्ही कप पितो — दया म्हणून. पण काच हातात आली की तोतरेपण कुठे पळायचं कोण जाणे. 'पायरी' — कसं खणखणीत, फरशीवर नाणं टाकल्यासारखं. मी विचारलंही होतं तुला एकदा, आठवतं? तू म्हणाला होतास — म्हणजे बऱ्याच वेळानं म्हणाला होतास — की भावजी, तिथे मी माझ्यासाठी बोलत नाही ना. मी हसलो होतो. मी कशाला हसत नाही?

आणि रुसलास कशावरून? थट्टेवरून. जन्मभर माझी थट्टा खाल्लीस, कधी ढेकर दिली नाहीस, आणि त्या दिवशी एकाएकी पोटात दुखलं. काय झालं होतं एवढं? मुलाकडची माणसं बसली होती, सगळे कसे इस्त्री केल्यासारखे, कोणी खोकलंसुद्धा नाही. मुलाच्या बापाने विचारलं, आपण काय करता? आणि तू सुरू केलंस — का... का... का... 'काच' काही येईना. सगळे बघतायत, तुझी लेक चहा देऊन रिकामा ट्रे घेऊन दारात उभी. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं की नाही? मी केलं. म्हटलं, पाहुणे, घाबरू नका, घरात कावळा पाळलाय, माणसं आली की बोलतो. आणि तुझी नक्कल केली. थोडीशीच. मान अशी, डोळे असे. मुलाच्या बापाच्या नाकातून चहा आला. सोयरीक तिथेच जमली, लक्षात ठेव — हसलेला माणूस नाही म्हणत नाही. माझ्यामुळे जमली. तुझी लेक आत पळाली ती आनंदाने पळाली असं मी धरून चाललो. तू मात्र खाली बघत बसलास, पाहुणे गेले तरी तसाच. मग कामावर आला नाहीस. मग आलास, कारण चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काच कापून ठेवलेली होती, ती टाकून देता येत नव्हती — काच वाया गेलेली तुला कधी बघवत नाही, माणूस गेलेला चालतो.

आणि त्या दिवशी तू एक शब्द बोलला नाहीस. गाडीतून काच उतरवली, गप्प. रस्त्यात खड्डा होता, मी पायाने चाचपला. खांब आला, तू काच जरा अंगाकडे ओढलीस, मी समजलो. आता मला सांग, असं कोणी काम करतं? अबोला धरायचा तर जेवताना धर, लग्नकार्यात धर, काच उचलताना अबोला धरतात होय? दुनियेत एवढी गाढवं आहेत, पण बोलणं बंद असताना एक काच धरणारी आपण दोनच. दुकानाचं दार आलं. दाराशी पायरी. मागे पाय टाकला, टाच अडकली, पाठीवर गेलो, आणि काच आली हातावर. मी तेच सांगितलं चौकीवर, अक्षर इकडचं तिकडे नाही — पायरी दिसत होती, मनात राग होता, मुद्दाम बोलला नाही. त्याला 'मुद्दाम' हा शब्द फार आवडला, मिशीवाल्याला. दोनदा विचारला.

आणि तू काय केलंस? त्याने विचारलं, पायरी दिसली होती? तू मान हलवलीस, दिसली होती. मग बोलला का नाहीत? तर तू आपल्या बोटांकडे बघत बसलास. गाढव तो मास्तर मला म्हणायचा, तुला बघितलंच नव्हतं त्यानं. अरे, तिथल्या तिथे सांगून टाकायचं होतं की शब्द अडकला म्हणून. ओठ मिटले ते सुटेचनात, गळ्याची शीर ताठली, मान थडथड उडायला लागली, घामाने डोळे भरले — एवढं सांगितलं असतंस तर कोण तुला आरोपी करणार होतं? बोलता येत नाही तर खुणेनं सांगायचं, लिहून द्यायचं, पोरीला सांगायला लावायचं. गुन्हेगार व्हायची तयारी, पण कामावर पण तोतरा झालो हे सांगायची लाज? तेवढी एकच जागा उरली होती तुझी, तीही गेली हे कोणाला कळू नये म्हणून —

काय बघतोस असा?

मी काय म्हणालो? मी म्हणालो, अडकला असेल. असेल, असं म्हणालो. अंदाज आहे तो. माझ्या लग्नापासून तुला बघतोय, अडकतोस तेव्हा शीर ताठते, मान उडते, हे काय नवीन आहे? — मिटलेले ओठ? ते... 'पायरी' म्हणायला ओठ मिटावेच लागतात, कोणीही मिटतो, मी पण मिटतो. घाम... उन्हं होती त्या दिवशी. नव्हती? मग नव्हती. असा बघू नकोस माझ्याकडे, मी फिर्यादी आहे.

बरं. दिसलं. दिसलं म्हणतो ना. काच होती ती, भिंत नव्हती, आणि सकाळी मीच पुसली होती दोन्ही अंगांनी, डाग म्हणून नव्हता तिच्यावर. तिच्यापलीकडे तुझं तोंड होतं. त्या पाहुण्यांसमोर झालं होतं तसंच. आणि मला काय आलं माहितीये? हसू. मागे पायरी आहे हे कळलं होतं मला — ओठ मिटून अडकलास म्हणजे पायरीच, खड्डा नाही, खांब नाही. कळलं होतं. थांबता आलं असतं. म्हटलं बघू या, आधी याचा शब्द येतो का माझा पाय पोचतो. स्वतःशीच पैज लावली आणि पाय टाकला. एवढंच. झाली आता तुझी खात्री? मग काय सांगणार होतो मी तुझ्या बहिणीला, हात असा लोंबत असताना — की तुझ्या भावाचं तोंड बघून हसत होतो, त्यात पडलो? तिनं तर त्या पाहुण्यांच्या दिवसापासूनच — जाऊ दे. तू गप्प राहिलास ते तरी खरं होतं ना? शब्द नाही आला तो नाही आला. कसा नाही आला, हे विचारतं कोण.

कुठे चाललास? अरे, कुठे चाललास? बस. बस म्हणतो ना. तहान लागली? पाणी नाही प्यायचंय तुला, कळतंय मला, वकिलाकडे चाललास. जा. जा सांग. सांग त्या पोटाला, की म्हातारा आपल्या तोंडानं कबूल झाला. मग तडजोड कशाला, माफी कशाला, तू धुतल्या तांदळासारखा, आणि खोटी फिर्याद दिली म्हणून मी आत. दोन बोटं कमी असलेला कैदी. चांगला चाललाय हा, ताठ मानेनं, आणि मी ओरडूही शकत नाही, पट्टेवाला बघतोय. पोचला. वकील वाकला. हात कानाशी नेला त्यानं. सांग आता, घे वेळ घे, तुझा शब्द बाहेर येईपर्यंत तो आहेच उभा वाकून. बोल ना. बोल की एकदाचं. — हात हलवला? काही नाही म्हणून? अरे, परत काय येतोस?

अडकलास का तिथेही? मान हलवू नकोस, सरळ सांग. नाही अडकलास. नव्हतासच अडकलेला. दुसऱ्या कोणाला सांग, मला अडकलेलं तोंड कसं दिसतं ते पाठ आहे, नक्कल करतो मी त्याची. हे अडकलेलं नव्हतं. हे आपणहून मिटलेलं होतं. तू गेलास, उभा राहिलास, आणि नाही सांगितलंस. का? का नाही सांगितलंस? तुझा जन्म गेला असा, कोणी पाय दिला तर तूच म्हणायचं, लागलं का तुम्हाला. पोरीसाठी? आज मिटायला हवं, उद्यावर जायला नको म्हणून? तसं असेल तर ठीक आहे, तो व्यवहार झाला, तसं असेल तर मान हलव. — हलवत नाहीस. म्हणजे तसं नाही. म्हणजे तू इथे मला माफ करत बसलायस होय? या बाकावर, मी फिर्यादी असताना? माफ मी करायला आलोय. सकाळी उठून, दाढी करून, एका हातानं गुंड्या लावून मी आलोय तुला माफ करायला. वकीलबाईंना म्हटलं होतं मी, तोंडी माफी मागायला लावा याला, साहेबांसमोर, सगळं वाक्य, मोठ्यानं — तिनं नाही घातलं कलमात. म्हणाली, आजोबा, एवढं पण बरं नाही. आणि तू मला... आरोपीनं फिर्यादीला माफ करायचं असतं का रे? कुठल्या कायद्यात आहे? मला माफ करणारा तू कोण?

आपलंच. आपलंच नाव घेतोय तो पट्टेवाला. ऐकलं मी, दोन्ही कान चांगले आहेत माझे. वकीलबाई पण आल्या धावत. ऊठ. हात नको लावूस मला, उठता येतं मला. तू हो पुढे. आत गेलास की माझ्याकडे बघायचं नाही, समोर बघायचं. साहेब मला विचारतील, मी हो म्हणेन. स्वखुशीने म्हणेन. गैरसमज म्हणेन, आणि इतका चांगला म्हणेन की त्यांना वाटेल, खरंच काही दिसलं नव्हतं या म्हाताऱ्याला. तुला विचारलं तर नुसती मान हलव. बोलू नकोस, एक अक्षर बोलू नकोस तिथे, तुला खोटं बोलायची सवय नाही. हो म्हटलं ना पुढे.